घुम्या, मख्ख, आतल्या गाठीचा: निर्विकार चेहऱ्यामागचे विज्ञान

मनातले चेहऱ्यावर येऊ न देणाऱ्या माणसासाठी नाशिककरांच्या बोलण्यात शब्दांची वानवा नाही. पंचवटीतल्या वाड्यात तो घुम्या किंवा कुढ्या असतो, सातपूरच्या कारखान्यात आतल्या गाठीचा, तर कॉलेज रोडवरची मुले त्याला ‘कायम सायलेंट मोडवर’ म्हणून मोकळी होतात. या शब्दांत वर्णनाबरोबर निवाडाही येतो. आतल्या गाठीचा म्हटले की तो मुद्दाम काही लपवतो असे ठरते आणि मख्ख म्हटले की त्याला काही वाटतच नाही असे. मानसशास्त्राने गेल्या पन्नासेक वर्षांत जे शोधले आहे, ते पाहता हे दोन्ही निवाडे फार घाईचे वाटतात. कारण वरून सारखाच दिसणारा चेहरा अगदी वेगवेगळ्या कारणांनी तसा झालेला असतो आणि पुष्कळदा आत भावनांची मुळीच कमतरता नसते.

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू असताना ट्रॉलीशेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे पाहावे. व्यापारी मूठभर कांदे उचलून दाबून पाहतात, बोली लागते आणि थोड्याच वेळात सगळे पुढच्या ट्रॉलीकडे सरकतात. तेवढ्या वेळात त्याच्या मनात मजुरी, भाडे आणि उसनवारी यांचा हिशेब होऊन जातो, पण कपाळावरची आठीही हलत नाही, कारण आपली नड चारचौघांत दिसू द्यायची नाही हे तो लहानपणापासून शिकलेला असतो. कोणती भावना कुठे दाखवायची आणि कुठे गिळायची, याच्या अशा अलिखित नियमांकडे मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसेन यांनी १९६९ मध्ये लक्ष वेधले होते.

गिळलेल्या भावनेचे पुढे काय होते, हा प्रश्न जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी प्रयोगशाळेत नेला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात स्वयंसेवकांना किळस आणणारी चित्रफीत दाखवण्यात आली आणि त्यांपैकी काहींना, आपल्याला काय वाटते आहे हे पाहणाऱ्याला कळू देऊ नका, असे सांगण्यात आले. त्यांचे चेहरे खरोखरच शांत राहिले, परंतु त्यांनी स्वतः सांगितलेली किळस कमी झाली नव्हती. उलट त्वचेवरील घामाशी निगडित विद्युत्वाहकता वाढली होती, म्हणजे शरीर अधिकच ताणाखाली होते. हा ताण समोरच्यापर्यंतही पोहोचतो. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांना अस्वस्थ करणाऱ्या चित्रपटावर बोलायला लावले, तेव्हा एकीने भावना दाबून ठेवल्यास काहीही माहीत नसलेल्या दुसरीचाही रक्तदाब वाढलेला आढळला. अर्थात हे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्या घरांना लावणे मला योग्य वाटत नाही. आशियाई मूल्ये मानणाऱ्यांमध्ये भावना दाबण्याचे असे दुष्परिणाम कमी दिसतात, असे याच संशोधकांना पुढे आढळले. ज्या समाजात संयम हा शिष्टाचार असतो, तिथे गप्प राहण्याचा अर्थ दुरावा असा लगेच लावला जात नाही.

काही माणसे मात्र लपवत नसतात. आपल्याला काय वाटते हे त्यांनाच नीट उमगत नाही. बॉस्टनचे मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी १९७० च्या दशकात या वैशिष्ट्याला ‘अलेक्सिथिमिया’ हे नाव दिले. हा स्वतंत्र आजार मानला जात नाही, आणि साधारण दहापैकी एका माणसात तो ठळकपणे आढळतो. अशा माणसाला विचारले की तो दुःख किंवा राग यांविषयी न बोलता छातीवर दडपण येते, पोटात गोळा येतो, डोके जड होते असे सांगतो. ‘मनात काय आहे ते बोल’ हा आग्रह त्याच्यापाशी निष्फळ ठरतो, आणि घरचे त्याचा अर्थ हटवादीपणा असा लावतात याचे मला फार वाईट वाटते.

चेहरा वाचणाऱ्याची बाजूही पाहायला हवी. जमील झाकी, नायल बोल्जर आणि केविन ऑक्सनर यांनी २००८ मध्ये दाखवले की, स्वतःला सहृदय म्हणवणारी माणसे दुसऱ्याची भावना अधिक अचूक ओळखतात हे खरे, पण समोरचा मुळात व्यक्त होणारा असेल तेव्हाच. दुसरीकडे, टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सिद्ध केले की आपल्या मनातले समोरच्याला प्रत्यक्षात कळते त्याहून जास्त कळत असावे, अशी प्रत्येकाची समजूत असते. निफाडकडच्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराच्या घरात गारपिटीनंतरची संध्याकाळ कशी जात असेल, याचा यावरून अंदाज येतो: आपली काळजी साऱ्यांना दिसतेच आहे असे त्याला वाटते, आणि ‘यांना कशाचे काही नाही’ असे घरच्यांना.

आणखी एक कारण थेट मेंदूतले आहे, आणि ते ज्येष्ठांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे. पार्किन्सनच्या आजारात, ज्याचे वर्णन जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले, मेंदूतील डोपामाइन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी घटत जातात आणि चेहऱ्याच्या स्नायूंची आपोआप होणारी हालचाल मंदावते. नातवाला पाहून आजोबांना आनंद होतो, पण हसू उमटत नाही. पापण्या कमी लवतात, आवाज बसका आणि एकसुरी होतो. आधी गप्पिष्ट असलेले आजोबा ‘म्हातारपणी खडूस झाले’ असे घरात ठरून जाते. त्याच सुमारास अक्षर बारीक होत गेले असेल, चालताना एक हात हलेनासा झाला असेल किंवा सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागत असेल, तर त्यांना मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावे. लेव्होडोपासारख्या औषधांनी हालचाली सुधारतात आणि अनेकांच्या चेहऱ्यावरील भावही काही प्रमाणात परत येतात.