घरपट्टीची पावती म्हणजे बेबाकी नव्हे
(लातुरात घर घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

बदली होऊन आलेली मंडळी घर पसंत पडलं की आधी विचारतात, "इथं घरपट्टीचा दर काय?" सोबत औशाची नाहीतर उदगीरची जुनी पावती असतेच. पण नुसत्या टक्क्यांवरून काही कळत नाही. महापालिका घराला वर्षाकाठी किती भाडं येऊ शकेल ते ठरवते, दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करते आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर दर लावते. ग्रामपंचायतीत हिशेब भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर. त्यात बांधकाम आरसीसी की पत्र्याचं, खाली दुकान काढलंय का, भाडेकरू आहे का, हेही आलं. म्हणून शेजाऱ्याचा आकडा सांगू नका, त्याच घराचं मागणी बिल आणा. ते आम्ही विनामूल्य वाचून देतो.

खरा खोळंबा होतो तो वेगळ्याच गोष्टीने. विक्रेता यंदाची पावती दाखवतो, ग्राहक खूश होऊन इसार देऊन मोकळा होतो. पावती एवढंच सांगते की काहीतरी भरलं. बिलावरचे 'मागील बाकी' आणि 'शास्ती' (थकबाकीवरचा दंड) हे रकाने बघा. शास्ती दरमहा 2 टक्क्यांनी चढते. 40,000 थकले असतील तर महिन्याला 800 नुसते वर. आणि कराचा बोजा मालमत्तेवर असतो, त्यामुळे जुन्या मालकाची बाकी शेवटी तुमच्या दारात येते. "अभय योजनेत सगळं माफ होतं" असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, सवलत शास्तीत मिळते, मूळ कर भरावाच लागतो. शिवाय योजना कधी लागेल, हे तुमच्या-आमच्या हातात नाही.

म्हणून आम्ही इसाराआधी बेबाकी प्रमाणपत्र, म्हणजे कराची काहीच बाकी नाही असा दाखला, मागतो. काही विक्रेत्यांना हे आवडत नाही, "दुसरे एजंट मागत नाहीत" म्हणतात. नसतील मागत. पुढे फेऱ्या ग्राहकाला माराव्या लागतात.

रजिस्ट्री झाली की कर खात्यात नाव आपोआप लागतं, असं गृहीत धरू नका. हस्तांतराची सूचना खरेदीखतानंतर तीन महिन्यांत द्यायची असते. खरेदीखताची झेरॉक्स, बेबाकी आणि आधार आणून दिलंत तर अर्ज आमचा माणूस लावून येतो. त्याची फी आधीच सांगतो. आमच्यामार्फत घर घेतलं असेल तर तीही नाही.