व्हॅनशिप : पंखांवाचून उडणाऱ्या गाडीची पार्श्वभूमी

'लास्ट एग्झाइल' ही 26 भागांची जपानी ॲनिमे मालिका एप्रिल 2003 मध्ये टीव्ही टोकियोवर सुरू झाली. तिच्यातली व्हॅनशिप पहिल्यांदा दिसते तेव्हा विमान आठवतच नाही, आठवते ती जुनी उघडी मोटार. लांब नाक, त्यामागे एकापाठोपाठ दोन बैठका, रिव्हेट मारलेला पत्रा. पुढे फिरता पंखा नाही आणि पंख आहेत ते नावापुरते. तरीही हे यंत्र हवेत राहतं, आणि ते खोटं वाटत नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर आधी थोडा हिशेब मांडावा लागतो.

माणसं धरून एक टन वजनाचं यंत्र ताशी 100 किलोमीटर वेगाने पंखांवर तोलायचं असेल, तर साधारण 17 चौरस मीटर पंख लागतात. हेच काम हायड्रोजनकडून करून घ्यायचं म्हटलं, तर एक घनमीटर वायू जेमतेम 1.1 किलो उचलतो. म्हणजे सुमारे 900 घनमीटर वायू हवा, 12 मीटर व्यासाचा फुगा! अरुंद गल्लीतून आणि दरीतून सुळकन निघून जाणाऱ्या गाडीला यातलं काहीच परवडणारं नाही. मग उचलीपुरती एक थाप मारावीच लागते. बाकीचं यंत्र किती प्रामाणिक राहणार, ते या थापेच्या जातीवर ठरतं.

व्हॅनशिपच्या आधी जपानी ॲनिमेत ही थाप बहुधा दगडाच्या रूपाने येई. दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या 1986 च्या 'लापुता' चित्रपटात उडता दगड आहे, 1996 च्या 'एस्काफ्लोने' मालिकेतली जहाजंही तरंगत्या खडकांच्या जोरावर उडतात. त्याही मागे जायचं तर जोनाथन स्विफ्टच्या 1726 च्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधलं लापुता बेट एका प्रचंड लोहचुंबकाने तरंगत ठेवलेलं आहे. दगड दिसायला सुंदर, पण यंत्र म्हणून मुका. तो एक तर उचलतो किंवा उचलत नाही. मेकॅनिकला त्याच्यापाशी करण्यासारखं काही नसतं.

'लास्ट एग्झाइल'ने हा दगड पाण्यात विरघळवला. क्लॉडिया नावाचं खनिज पाण्यात मिसळून ते द्रावण इंजिनाच्या नळ्यांतून दाबाखाली फिरवायचं, की उचल मिळते. बदल दिसतो एवढासा, पण माझ्या मते सगळी मालिका त्यावर उभी आहे. द्रवाला दाब असतो, म्हणून दाबमापक आले. नळी फुटू शकते, सांधा गळू शकतो, म्हणून पाना घेऊन वाकलेली मुलगी आली. द्रव मोजता येतो, म्हणून विकता येतो. या जगातल्या चलनाचं नावही क्लॉडियाच आहे. शिवाय चांगलं पाणीच दुर्मिळ, प्रतवारी लावून विकलं जाणारं.

मोठ्या युद्धनौकांचं दुखणं वेगळं आहे. त्यांना तोलून धरणारी युनिट्स त्यांच्या मालकीची नसतात, गिल्ड नावाची संघटना ती पुरवते आणि नियम मोडला की काढून घेते. युनिट गेलं की नौका खाली. उचल आणि रेटा (पुढे ढकलणारा जोर) हे दोन वेगळे ठेवले की असं होतं: इंजिन सुरू असूनही जहाज पडू शकतं. खऱ्या विमानाचं इंजिन बंद पडलं तरी ते काही अंतर तरंगत उतरतं, कारण त्याचे पंख कुणी भाड्याने दिलेले नसतात.

मालिका गोंझो स्टुडिओची. गायनॅक्स या ॲनिमे स्टुडिओतून बाहेर पडलेल्या मंडळींनी तो 1992 मध्ये काढला होता. दिग्दर्शन कोइची चिगिरांचं, पात्ररचना रेंज मुराता यांची, आणि एकूण जगाची मांडणी माहिरो माएदांची. मुराता आणि माएदा 1998 च्या 'ब्लू सबमरीन नं. 6'वरही एकत्र होते. या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो 19व्या शतकातला युरोप आणि दोन महायुद्धांमधला जर्मनी.

तो जर्मनी निवडणं फार नेमकं होतं. 1919 च्या व्हर्सायच्या तहाने तिथल्या विमानधंद्यावर कडक बंधनं आली आणि विमानं बनवणारे हात दुसरीकडे वळले. टाउबं विमानामुळे प्रसिद्ध झालेल्या एडमुंड रुम्पलरने 1921 मध्ये थेंबाच्या आकाराची मोटार आणली. 1979 मध्ये फोक्सवॅगनच्या वायुबोगद्यात तिची चाचणी झाली, तेव्हा तिचा वायुरोध गुणांक (तो जितका कमी, तितका हवेचा अडथळा कमी) 0.28 निघाला. आजच्या कित्येक गाड्यांनाही तो जमत नाही. व्हॅनशिपची त्याहून जवळची बहीण म्हणजे फ्रान्झ क्रुकेनबर्गची रेल्वे: लांबोळकी पेटी, मागे लाकडी पंखा, विमानाचं इंजिन. 21 जून 1931 रोजी तिने ताशी 230 किलोमीटरचा वेग गाठला. पण मागे डबे जोडता येईनात, आणि गर्दीच्या फलाटाशेजारी उघडा फिरता पंखा कुणाला हवा होता? एकच नमुना बनला आणि 1939 मध्ये तो मोडीत निघाला. पंख काढलेलं विमान कसं दिसेल, याचं उत्तर त्या रुळांवर आधीच मिळालेलं होतं.

व्हॅनशिपमधल्या दोन बैठकांचा उगम मात्र टपालात आहे. पुढे वैमानिक क्लाउस, मागे नॅव्ही, म्हणजे वाट दाखवणारी, लावी, आणि पोटासाठी निरोप पोहोचवणं. कामगिरीच्या धोक्यानुसार तारे मिळतात. ॲल्व्हिस नावाच्या मुलीला पोहोचवण्याचं काम सात ताऱ्यांचं होतं. टपाल वाहणारी छोटी विमानं आपल्यालाही अनोळखी नाहीत. जेआरडी टाटा 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते एका छोट्याशा पस मॉथ विमानातून.

पडद्यावर ही यंत्रं त्रिमितीय संगणकचित्रांतून आली. हाताने काढलेला रिव्हेटचा पत्रा हवेत गिरकी घेताना प्रमाण राखत नाही, एखादी ओळ हमखास सरकते. संगणकातल्या मॉडेलला ती अडचण नाही. त्याची अडचण वेगळी: हाताने काढलेलं पात्र बहुतेकदा सेकंदाला 12 किंवा 8 चित्रांवर चालतं आणि संगणकी यंत्र पूर्ण 24 वर. यंत्र लोण्यासारखं घसरतं आणि आत बसलेली माणसं किंचित अडखळतात. बंद कॉकपिटमध्ये हे काचेआड लपलं असतं. व्हॅनशिप उघडी असल्याने लपत नाही, आणि 2003 चे काही प्रसंग आज पाहताना तो सांधा डोळ्यांत खुपतो. मळकट, ओरखडे पडलेल्या पत्र्यामुळे तो थोडा झाकला गेला, एवढंच.

2011 मध्ये 'फाम' ही पुढची मालिका आली. तिच्यात आकाशचाच्यांची वेस्पा नावाची छोटी, चपळ व्हॅनशिप आहे. कल्पना तीच, अंगाने हलकी.

ॲनिमेतल्या अशा यंत्रांपैकी खरंखुरं उडालं ते एकच, आणि ते पंखवालं. 1984 च्या 'नाउसिका' चित्रपटातलं मेव्हे हे शेपूट नसलेलं पांढरं ग्लायडर. कलावंत काझुहिको हाचिया यांनी त्याच्या धर्तीवर 2003 मध्येच काम सुरू केलं आणि 2013 मध्ये त्यांचं जेट बसवलेलं एम-02जे हवेत गेलं. चित्रपटातली नायिका मेव्हेवर उभी राहते, हाचिया पोटावर पडून उडवतात. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ऑशकॉशच्या विमानमेळ्यातही ते उडालं. क्लॉडियाच्या नळ्या मात्र अजून कुणालाच जोडता आलेल्या नाहीत.