टॅरांटुलाचे घर बदलणे

थेराफोसिडी कुळातील पाळीव केसाळ कोळ्याला जुन्या डब्यातून नव्या डब्यात हलवण्याची क्रिया. पायांच्या पसाऱ्याला डबा अपुरा पडला, तळाला अंथरलेल्या भुशावर बुरशी धरली किंवा त्यात माइट (अगदी बारीक कोळीवर्गीय किडे) झाले, की घर बदलावे लागते. एरवी बदलू नये. प्रत्येक हलवाहलवीत कोळ्याने कोरलेले बीळ आणि विणलेले अस्तर मोडते.

कोकणात हे काम पावसाळ्याआधी उरकावे. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की ओला झालेला भुसा सुकत नाही. भुसा बहुधा नारळाच्या सोडणांचा. सोडणे खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर भुशात मीठ उरते. म्हणून तो गोड्या पाण्याने तीन-चारदा धुऊन मे महिन्याच्या कडक उन्हात वाळवतात. लपायला अर्धी करवंटी पुरते. खरी भीती मुंग्यांची: नुकती कात टाकलेला मऊ कोळी त्या जिवंतपणी खातात. फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची घरोघरची रीत इथे फार उपयोगाची.

जमिनीवर राहणाऱ्या जातींसाठी भुसा आणि झाकण यांतील अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. उंचावरून पडला तर उदर फुटून कोळी मरतो. झाडावर राहणाऱ्या जातींना मात्र उंच डबा आणि उभी साल लागते.

हलवताना दार लावून पंखा बंद करतात आणि दोन्ही डबे एका मोठ्या टबात ठेवतात. कोळ्यावर पारदर्शक पेला पालथा घालून खालून जाड कागद सरकवायचा. पेला नव्या डब्यात आडवा केला, की मऊ ब्रशने मागच्या पायांना हलकेच स्पर्श करायचा. कोळी दोन पावले टाकतो, थांबतो, पुढच्या पायांनी भुसा चाचपतो. तेवढा वेळ त्याला द्यावाच. हात कधीही घालू नये. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतील बऱ्याच जाती उदरावरचे केस झाडतात आणि त्वचेला खाजकुयलीसारखी खाज सुटते. आशियातील जातींना असे केस नसतात, पण त्या विजेसारख्या पळतात आणि त्यांचा दंश फार वेदनादायक असतो.

पश्चिम घाटात राहणारे थ्रिग्मोपियस आणि पोसिलोथेरिया हे कोळी रानातून आणून डब्यात घालू नयेत. पोसिलोथेरिया 2019 पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातील वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील 2022 च्या दुरुस्तीनुसार साइट्स यादीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी बंधनकारक आहे.

नव्या घरात आठवडाभर खाद्य देत नाहीत. पाण्याची वाटी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. कात टाकण्याच्या सुमारास हलवणे टाळावे आणि कात पडल्यावर सुळे पुन्हा काळे होईपर्यंत थांबावे. कात टाकताना कोळी पाठीवर उताणा पडतो. नवखा पाळणारा तो मेला असे समजून त्याला उचलतो. त्या वेळी डब्याला हातही लावू नये.