चाकातील ठकठक : निदान

मोटारगाडी धावत असताना चाकाच्या आसपास ऐकू येणारा ठोक्यांचा आवाज आणि त्याचे मूळ शोधण्याची पद्धत. टायर, रिम, हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग), बेअरिंग (चाक सहज फिरू देणारा गोळ्यांचा भाग), ब्रेक, एक्सल (चाकाला ताकद पोचवणारा दांडा), सस्पेन्शन (धक्के झेलणारी यंत्रणा) आणि स्टीअरिंग हे सगळे चाकाजवळच्या थोड्या जागेत एकत्र येतात. त्यामुळे आवाज ‘चाकातून येतो’ असे म्हटले तरी दोषी भाग यांपैकी कोणताही असू शकतो. कारणाचे स्वरूप मात्र बहुतेक वेळा सारखेच असते. घट्ट बसलेले असायला हवेत अशा दोन भागांत झीज होऊन किंवा बोल्ट सैल पडून फट निर्माण होते. गॅरेजात तिला ‘प्ले’ म्हणतात. भाराची दिशा बदलली की एक भाग ती फट ओलांडून दुसऱ्यावर आपटतो.

गाडी दाखवायला आणणारा माणूस सहसा आवाजाची नक्कल करून दाखवतो: टकटक, ठकठक, कटकट, धाडधाड. त्यातून फार थोडे कळते. झिजलेला बॉल जॉइंट (सस्पेन्शनमधला, सर्व बाजूंना वळू शकणारा गोळ्याचा सांधा) एका गाडीत बारीक टकटकतो आणि दुसरीत जड ठोका देतो. खरी उपयोगी माहिती म्हणजे आवाज कधी येतो ती. ठोके चाकाच्या फेऱ्यांबरोबर पडतात का? फक्त खड्ड्यात येतात का? ब्रेकवर पाय ठेवला की थांबतात का? स्टीअरिंग वळवल्यावरच येतात का? ॲक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना एकदाच ‘ठक’ होते का? आवाज यांपैकी कशाशी बांधलेला आहे हे पक्के झाले की संशय दोन-तीन भागांवर येऊन ठेपतो. त्यासाठी काहीही न उघडता गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहणे हे या कामातले सर्वांत मोलाचे पाऊल आहे. घाईच्या दुरुस्तीत नेमके तेच वगळले जाते, आणि मग एकामागून एक चांगले भाग बदलले जातात.

आधी नट

चाचणीला निघण्यापूर्वी चारही चाकांचे नट पान्ह्याने तपासावेत. चाक नुकतेच काढले असेल, पंक्चर काढले असेल किंवा ब्रेकचे काम झाले असेल, तर पहिला संशय नटांवरच घ्यायचा. सैल चाक कमी वेगात, विशेषतः वळणावर, मंद ठोके देते. वेग वाढला की आवाज दबू शकतो आणि चालक निर्धास्त होतो, म्हणून हा दोष फसवा आणि घातक आहे. खुणा जवळून पाहिल्यास दिसतात: नटाच्या बुडापासून रिमवर पसरलेले गंजाचे तांबूस ओघळ, भोकाभोवती घासून चकाकणारी धातूची कड, कधी लांबट झालेले भोक. असे भोक दिसले तर तो रिम पुन्हा वापरू नये.

प्रवासी गाड्यांच्या चाकांच्या नटांना बहुधा ९० ते १४० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा फिरवता जोर) लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. हब आणि रिम यांच्यामध्ये गंज, रंग किंवा माती राहू देऊ नये, कारण तो थर पुढे चेपला गेला की आवळलेला नट आपोआप ढिला पडतो. मूळ रिमऐवजी अलॉय (मिश्रधातूचे) रिम बसवले असतील तर नटाचे बूड शंकूसारखे हवे की गोलसर, हेही पाहावे लागते. चुकीचा नट पान्ह्याला घट्ट लागतो, पण त्याची बैठक पुरती धरत नाही.

फेऱ्यांशी बांधलेला ठोका

हे ठोके वेगाच्या प्रमाणात जलद होतात आणि गिअर बदलला, इंजिनाचे फेरे वाढले-घटले तरी त्यांची गती बदलत नाही. इथे मोजणी कामी येते. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२ सेंमी आणि परीघ सुमारे १.९५ मी. असतो. ताशी १० किमी वेगाला असे चाक १० सेकंदांत साधारण १४ फेऱ्या घेते. तितकेच ठोके भरले तर फेरीला एक हे नक्की. मग टायरच्या खाचेत रुतलेला खडा किंवा खिळा, टायरचा फुगवटा, लॉक झालेल्या ब्रेकने घासून सपाट पडलेला भाग, किंवा सैल चाक असे शोधत जायचे. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा लांब दांडा) चाकाच्या साधारण तीन ते चार पट जलद फिरतो, म्हणून त्याच्या झिजलेल्या युनिव्हर्सल जॉइंटची खडखड या हिशेबात बसत नाही आणि लगेच वेगळी पडते. खराब बेअरिंगचाही हिशेब जुळत नाही. त्यातल्या गोळ्यांचा संच सहसा चाकाच्या निम्म्याहून थोड्या कमी वेगाने फिरतो आणि त्याचे ठोके चाकाच्या लयीत पडत नाहीत. बेअरिंग बहुतेक वेळा आधी घरघरते आणि खूप झिजल्यावरच ठोके देऊ लागते. गाडी उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर डाव्या बाजूचे बेअरिंग तपासावे.

टायरच्या फुगवट्याला लोक फार हलक्यात घेतात. आतले धागे तुटल्याने किंवा पट्टे सुटल्याने तो येतो. फुगवटा आतल्या बाजूला असेल तर चाक उचलून, फिरवून पाहिल्याशिवाय दिसत नाही. टायर केव्हाही फुटू शकतो, त्यामुळे असे चाक त्याच जागी उतरवून स्टेपनी लावावी. ठोका टायरचा की हबचा हे ठरत नसेल तर त्या बाजूची पुढची आणि मागची चाके आपसांत बदलून पाहावीत. आवाज चाकाबरोबर मागे गेला तर दोष टायर किंवा रिममध्ये आहे, जागेवरच राहिला तर हबच्या आत.

वळण, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे जाताना कटकट ऐकू आली आणि सरळ रस्त्यावर थांबली, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (एक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा, कोनात वळूनही ताकद पोचवणारा सांधा) झिजलेला असतो. या जॉइंटचा मूळ प्रकार १९२० च्या दशकात आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने तयार केला. त्यात सहा गोळे वक्र खाचांमधून सरकत एक्सलची ताकद वळलेल्या चाकापर्यंत पोचवतात. खाचांना खड्डे पडले की कोन वाढताना गोळे अडखळतात. सहसा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा जॉइंट जास्त बोलतो. त्यावरचे रबरी बूट फाटलेले असते आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे उडालेले दिसतात. बूट फाटल्याचे वेळीच दिसले तर फक्त ते आणि ग्रीस बदलून भागते. आवाज सुरू झाल्यावर जॉइंटच बदलावा लागतो.

गाडी सरळ असताना ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की एकच जड ठोका पडत असेल तर आतला (गिअरबॉक्सकडचा) सीव्ही जॉइंट, लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) मागचा बुश म्हणजे रबरी बैठक, किंवा इंजिन ज्यावर बसते ते माउंटिंग पाहावे.

ब्रेक हलका दाबताच खडखड बंद होत असेल तर ब्रेक पॅड कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) ब्रॅकेटमध्ये ढिले आहेत. पॅड बदलताना त्यांच्या पातळ स्प्रिंग क्लिपा परत बसवल्या नाहीत की असे होते. कॅलिपरच्या झिजलेल्या गाइड पिननेही होते. रिव्हर्स घेऊन पुढे निघताना पहिल्या ब्रेकला येणारी एकच ‘टक’ मात्र अनेक गाड्यांत नेहमीची असते. पॅड एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकतो, एवढेच. गाडी थांबता थांबता, कोरड्या रस्त्यावरही पायाखाली पॅडल थरथरून ठकठक होत असेल तर एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची दातेरी रिंग तडकली आहे का ते पाहावे. तड गेलेल्या जागी संगणकाला चाक घसरल्याचा भास होतो आणि तो एबीएस चालू करतो.

खड्ड्यातला ठोका

सर्वाधिक तक्रारी इथल्या असतात आणि सर्वाधिक चुकीचे निदानही इथेच होते. आवाज आला की शॉक ॲब्सॉर्बरवर बोट ठेवले जाते, पण खरी दोषी पुष्कळदा स्टॅबिलायझर बारची लिंक असते. हा बार म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंचे सस्पेन्शन जोडणारी दांडी, आणि लिंक म्हणजे तिच्या टोकाचा छोटा जोडदांडा. ओळखायची खूण सोपी आहे. स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाके एकदम चढली तर बार पिळला जात नाही आणि लिंक शांत राहते. एकच चाक खड्ड्यात गेले की बार पिळतो आणि लिंक ठोकते. कमी वेगात, बारीक खडबडीत रस्त्यावर डावी-उजवी चाके आळीपाळीने हलतात तेव्हा सतत टकटक होते, तीही हीच.

दोन्ही चाके एकदम खाली आदळल्यावर जड ठोका आला तर स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्या एकत्र खांबाचे) वरचे माउंटिंग, तुटलेली कॉइल स्प्रिंग किंवा लोअर आर्मचे बुश तपासावेत. आजच्या बहुसंख्य लहान गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन यांनी तो १९४० च्या दशकात विकसित केला. त्यात स्ट्रट स्वतःच चाकाबरोबर वळतो, त्यामुळे वरचे बेअरिंग अडकले तर जागेवर स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग ताणली जाऊन सुटते आणि ‘टण्’ असा आवाज येतो. दुसऱ्याला स्टीअरिंग फिरवायला सांगून बॉनेटखाली स्ट्रटच्या टोकावर तळहात ठेवला, तर तो झटका हाताला स्पष्ट लागतो. स्प्रिंगचा खालचा वेढा बशीत बसलेला असल्याने तिथे तुटलेला तुकडा चटकन नजरेत येत नाही; टॉर्च घेऊन टोक शोधावे लागते.

जॅकवर तपासणी

हँडब्रेक ओढून, जमिनीवरच्या चाकांना अडण लावून आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवूनच हे करायचे. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाता कामा नये.

उचललेले चाक घड्याळाच्या १२ आणि ६ च्या जागी धरून आत-बाहेर हलवावे. प्ले लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. ९ आणि ३ च्या जागी हलवल्यावर प्ले जाणवला तर टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) किंवा स्टीअरिंग रॅकच्या आतला जोड. सांध्यावर बोट ठेवले की कोणता ते कळते.

जॅक कुठे लावला यावर निकाल फिरतो, ही गोष्ट अनुभवी माणसाकडूनही निसटते. स्प्रिंग लोअर आर्मवर टेकलेली असेल तर जॅक त्या आर्मखालीच हवा. एरवी स्प्रिंग बॉल जॉइंटला दाबून धरते आणि पूर्ण झिजलेला जॉइंटही घट्ट भासतो. स्टॅबिलायझर लिंक तपासताना दोन्ही पुढची चाके वर किंवा दोन्ही जमिनीवर हवीत. एकच चाक उचलले तर पिळलेला बार तिला ताणून धरतो आणि फट लपते.

आवाज धातूतून वाहत जातो. डावीकडे ऐकू येणारा ठोका सबफ्रेममधून (सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या सांगाड्यातून) उजवीकडून आलेला असू शकतो, म्हणून एका बाजूला काही सापडले नाही तर दुसरी बाजूही तितक्याच काळजीने पाहावी. काही गॅरेजांकडे भागांना चिमट्याने लावायचे छोटे मायक्रोफोन असतात. गाडी चालवताना एकेक ऐकत जायचे आणि सर्वांत मोठा आवाज कोणाचा ते ठरवायचे. डिकीतला सुटा जॅक, ढिली स्टेपनी आणि सायलेन्सरचा तुटलेला रबर हे तिघे तर हमखास चाकाचे नाव घेऊन फसवतात; डिकी पूर्ण रिकामी करूनच चाचणीला निघावे. विद्युत गाड्यांत इंजिनाचा आवाज नसल्याने सस्पेन्शनची पूर्वी दबून जाणारी टकटकही कानावर येते, पण तपासण्याची रीत तीच.

दुरुस्तीनंतर

काम झाल्यावर नवाच ठोका सुरू झाला तर ज्याला हात लागला होता तिथूनच सुरुवात करावी: स्ट्रटचा वरचा नट, लिंकचा नट, कॅलिपरचे बोल्ट. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे असतात. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. झिजलेला बॉल जॉइंट, झिजलेला टाय रॉड एंड किंवा सैल चाक यांपैकी काही सापडले तर गाडी चालवत न नेता उचलून न्यावी, कारण हे सुटले की स्टीअरिंग हातात राहत नाही. चाक काढून बसवले असेल तर ८० ते १०० किमी चालल्यावर नट टॉर्क पान्ह्याने पुन्हा तपासावेत.