सरस गेला, शिकंजा आला

मराठवाड्यातल्या जुन्या सुतारकामात चिकटवण्याला फारसं स्थान नव्हतं. माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरात खांब आणि तुळया भोकात बसवलेल्या कुसवांवर, लाकडी खुंट्यांवर आणि वरच्या मातीच्या वजनावर उभ्या असत. तिफण, वखर, बैलगाडी यांचे सांधे ठोकून काढायचे आणि पुन्हा ठोकून बसवायचे. सरस हा चिकटवायचा डिंक लागे तो देव्हारा, पाळणा, चौरंग अशा बारीक कामाला.

सरस कातडी-हाडांचा. तो पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून गरम करत. गरम सरस लावून दोन फळ्या एकमेकींवर घासल्या की निवताना तोच त्यांना जवळ ओढून धरतो, त्यामुळे आवळण्याचं साधन क्वचितच लागे. चौकट मोठी असेल तर भोवती दोरी गुंडाळून, मधे काठी घालून पीळ द्यायचा, नाहीतर दोन्हीकडे ठोकळे ठोकून पाचरा मारायच्या. स्क्रू फिरवून आवळून धरणारं साधन म्हणजे शिकंजा; शब्द फारसी. बाकावर पक्का बसवलेला असो की चौकटीला लावून काढायचा असो, दोन्हींना तोच शब्द. दुकानातला सी-क्लॅम्प आणि प्रशिक्षणाच्या पुस्तकातला जी-क्लॅम्प हेसुद्धा एकच.

१९५९ साली फेविकॉल बाजारात आला आणि गरज उलटली. हा पांढरा डिंक पाण्यातला. पाणी लाकडात मुरून उडून गेलं की तो घट्ट होतो, पण सरसासारखा फळ्यांना ओढून घेत नाही. तोवर त्या कुणीतरी दाबून धरायला हव्यात. खेड्यांत हा बदल खरा जाणवला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर. माळवदं कोसळली, लातूर-उस्मानाबादकडची ५२ गावं नव्या जागी वसली, घरं सिमेंटची झाली. तुळया घडणारे हात दारं, कपाटं आणि प्लायवूडकडे वळले आणि रोजच्या कामात डिंक आला.

वाद आहे तो इथून पुढचा: शिकंजा लावून थांबायचं, की डिंक लावून खिळे मारायचे आणि पुढच्या कामाला लागायचं? ठेकेदाराची बाजू समजण्यासारखी आहे. शिकंजे काही तास एका दारात अडकले की दुसरं दार जमिनीवर पडून राहतं आणि कारागिराचा रोज तर द्यावाच लागतो. प्लायवूडची पाठ कपाटाला लावताना खिळा चालतोही. पण दाराच्या चौकटीला आणि सागवानी पट्टीला खिळ्यावर सोडणं मला पटत नाही. खिळा आपल्यापुरतंच ओढतो. दोन खिळ्यांच्या मधे फट राहते, फटीत डिंकाचा जाड थर बसतो आणि जाड थराला बळ नसतं. पावसाळ्यात लाकूड फुगलं की सांधा नेमका तिथे उघडतो. पुट्टीखाली गंजलेलं डोकं पॉलिशवर डाग उमटवतं ते वेगळंच. उलट बाजूची एक तक्रार मात्र खरी आहे. जोर लावून आवळलं तर डिंक सगळा बाहेर येतो, सांधा कोरडा राहतो आणि चौकट वाकते. सांध्याच्या कडेला मोहरीएवढे थेंब ओळीने उभे राहिले की हात थांबवायचा. एक शिकंजा वरून, पुढचा खालून असे लावायचे आणि दोन्ही कर्ण सुतळीने मोजायचे, म्हणजे चौकट सपाट आणि काटकोनात राहते.

खिळ्याकडे माणूस वळतो त्यामागे वाईट ठेवलेले शिकंजेही असतात. स्क्रूच्या आट्यांत डिंक वाळून बसला की तो फिरत नाही. वाळलेला डिंक खरवडून काढावा आणि तेलाऐवजी मेणबत्ती घासावी, कारण तेल लाकडाला लागलं की तिथे डिंकही धरत नाही आणि पॉलिशही. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, शिकंजा फरशीवर पडला तर तडकतो. आणि लोखंड ओल्या डिंकाला थेट टेकू देऊ नये. बाभळीच्या एका फळीवर मी ते केलं होतं. सकाळी शिकंजा काढला तर लाकडात निळसर काळा चट्टा मुरलेला, रंधा मारूनही पुरता गेला नाही. आता मधे फळकुटाचा तुकडा आणि त्याखाली प्लास्टिकचा कागद असतोच.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की फेविकॉल पसरता पसरताच साय धरतो. म्हणून चौकट आधी कोरडीच जुळवून बघतात, सगळे शिकंजे मापाला उघडून हाताशी ठेवतात आणि चिकटवण्याचं काम ऊन चढायच्या आत उरकतात.