स्पीड वेगळा, पिंग वेगळा: घरच्या नेटची नोंद नेमकी कशाची ठेवायची?

सकाळी अकराला लाइनमन येतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो, ९६ एमबीपीएसचा आकडा दाखवतो आणि म्हणतो, "बघा ताई, नेट एकदम ओके आहे." संध्याकाळी कॉलवर समोरच्याचे ओठ हलतात, आवाज गायब. नाशिकला सिडकोतल्या आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात हे तीनदा झालं. त्याचा आकडा खरा होता, माझी तक्रारही खरी होती. आम्ही दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो.

स्पीड म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो. पिंग म्हणजे एक छोटं पॅकेट, म्हणजे डेटाचा लहानसा तुकडा, पाठवल्यावर उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले. मुंबई हायवेला पदर किती, हा स्पीड; एक गाडी मुंबईला जाऊन परत यायला किती वेळ लागला, तो पिंग. कसारा घाटात ट्रक बंद पडला म्हणून रस्त्याचे पदर कमी होत नाहीत, पण गाड्या खोळंबतातच. सिनेमा उतरवायला स्पीड हवा. व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात, फक्त पॅकेटं वेळेवर आणि न गळता पोचली पाहिजेत.

ही गळती स्पीड टेस्टमध्ये सहज झाकली जाते. टेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शनं उघडते, तीही बहुधा जवळच्याच सर्व्हरशी. गळालेली पॅकेटं पुन्हा मागवली जातात, त्यामुळे थोड्या गळतीने आकडा फारसा पडत नाही. चालू कॉलमध्ये पुन्हा मागवायला वेळच नसतो.

नोंदीच्या खर्चातही जमीन-अस्मानाचा फरक आहे. १०० एमबीपीएसच्या लाइनवर दहा सेकंद डाउनलोड म्हणजे १२५ एमबी (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० भागिले ८, गुणिले दहा सेकंद), अपलोडही तेवढंच. दर १५ मिनिटांनी टेस्ट लावली तर दिवसाला २४ जीबी जातात, आणि टेस्ट चालू असताना घरातल्यांचं नेट अडखळतं ते वेगळंच. दर पाच सेकंदांनी पिंग केलं तर दिवसाचे १७,२८० पिंग होतात आणि सगळे मिळून तीन एमबीच्या आसपास! म्हणून पिंग दिवसभर चालू ठेवा. स्पीड सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला पुरे, तोही लॅन केबल लावून. वायफायवर घेतलेला आकडा कंपनी मानत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पिंग मात्र दोन ठिकाणी करा: एक घरच्या राउटरला, बऱ्याच घरी त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो, दुसरा बाहेर, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला. राउटरचंच उत्तर लटकलं तर दोष वायफायचा, जागा बदलून बघा. राउटर झटपट उत्तर देतोय आणि बाहेरचं येत नाही, तर दोष राउटरच्या पुढे.

माझ्या नोंदीत संध्याकाळी ७:४२ ला राउटर २ मिलिसेकंद, बाहेर २४. ७:४३ ला राउटर २, बाहेरून बारापैकी पाच उत्तरं आलीच नाहीत. आठवडाभराच्या अशा वेळा मी वहीत उतरवल्या आणि शेजारी लिहिलं: वारा होता की नव्हता. पुढच्या वेळी लाइनमनला स्पीड टेस्ट लावू दिली नाही, वही दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि सरळ गॅलरीत गेला. ग्रिलपाशी फायबर काटकोनात वाकलेली होती, वाऱ्याने हलत होती. पाच मिनिटांत त्याने ती मोकळी वळवून क्लिपने बसवली.