डेलिलीच्या नव्या वाणाची नोंदणी : पार्श्वभूमी

डेलिली या बागेतल्या फुलझाडाचे एखादे वाण 'नोंदणीकृत' आहे असे म्हटले, की ते कोणत्या तरी कसोटीला उतरले असणार, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात नोंदणी करणारी अमेरिकेतील संस्था झाड पाहायला येत नाही आणि नमुनाही मागवत नाही. ते नाव पूर्वी कोणी घेतलेले नाही ना, नावाचे नियम पाळले आहेत ना, एवढे पाहून ती संकर करणाऱ्याने लिहून दिलेले वर्णन दप्तरी लावते. निवडीचा सगळा भार त्यामुळे त्या एकट्या माणसावर येतो. परसातल्या वाफ्यात शे-दोनशे रोपे वाढवणाऱ्या हौशी संकरकाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे.

नोंदींची सुरुवात १८९३ च्या 'ॲप्रिकॉट'पासून धरतात. इंग्लंडमधील यॉर्क येथील एका शिक्षकाने ते वाण तयार केले होते. नोंदणीची शिस्त मात्र बरीच नंतरची आहे. १९४६ मध्ये आयोवातील शेननडोआ येथे डेलिलीप्रेमी एकत्र आले, त्यातून संस्था उभी राहिली आणि १९५५ मध्ये या फुलाच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद ठेवण्याचे काम तिच्याकडे आले. १८९३ ते १९५७ या काळातील वाणांची यादी त्यानंतर मागे वळून जुळवण्यात आली. म्हणजेच आरंभीच्या पिढ्यांतील कित्येक वाणांना त्यांच्या काळी नोंदणी ठाऊकच नव्हती.

पुढच्या काळात कॉल्चिसिन या रसायनाने गुणसूत्रांची संख्या २२ वरून ४४ वर नेता येऊ लागली, तसे चित्र पालटले. जाड पाकळ्या, दाट रंग आणि चुणीदार कडा यांनी सर्वांना भुरळ घातली, नोंदी वाढत गेल्या आणि आज ती संख्या ९०,००० च्या पुढे गेली आहे. याच काळात फुलाच्या चेहऱ्याला झाडापेक्षा अधिक महत्त्व मिळाले, असे माझे स्पष्ट मत आहे. रोपाला पहिले फूल बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी येते आणि त्या एका फुलावर भाळून नोंदणी करण्याचा मोह अनावर होतो. पण फुलदांडा पानांच्या वर किती निघतो, त्याला फांद्या किती फुटतात, कळ्या किती धरतात आणि गड्डा वर्षागणिक किती फुटवे देतो, हे कळायला आणखी दोन-तीन हंगाम जावे लागतात. गार रात्रीनंतरच्या सकाळी दाट चुणीची कितीतरी फुले अर्धवट मिटलेली राहतात. कडा एकमेकींत अडकलेल्या असतात आणि छायाचित्रासाठी त्या बोटांनी अलगद सोडवाव्या लागतात. नोंदणीच्या छायाचित्रात ती बोटे दिसत नाहीत.

सर्वांत अधिक घोळ झाला तो 'स्पायडर' या शब्दावरून. लांब, अरुंद पाकळ्यांच्या फुलांना हे नाव आधी नुसत्या नजरेने दिले जात असे. पुढे त्याला मापाची चौकट आली. पाकळीची लांबी रुंदीच्या किमान पाचपट असेल तर 'स्पायडर' आणि चार ते पाच पटींच्या दरम्यान असेल तर त्याचा उपप्रकार, अशी विभागणी होती. नंतर ती मोडून चारपट हीच एक सीमा ठेवण्यात आली. लांबी मोजताना पाकळी पूर्ण ताणून सरळ करायची आणि रुंदी तिच्या सर्वांत रुंद जागी घ्यायची. पट्टी हातात धरली की अडचण ध्यानात येते. पाकळी २० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद असेल तर ती नेमकी सीमेवर बसते. रुंदी दोन मिलिमीटरने वाढली तरी ती बाहेर पडते. त्याच झाडावर आजचे आणि आठवड्यानंतरचे फूल तेवढ्या फरकाने वेगळे असू शकते, कारण पाणी, ऊन आणि हंगामातील वेळ या सगळ्यांचा परिणाम पाकळीवर होतो. शिवाय कोणते फूल मोजायचे, हे ठरवणारा संकरकच असतो. दुमडलेल्या, पिळवटलेल्या किंवा झुलत्या पाकळ्यांच्या फुलांसाठी पुढे 'अनयुज्वल फॉर्म' हा मापाऐवजी आकारावर आधारलेला वर्ग आला. सीमेलगतच्या अनेक फुलांना त्यामुळे घर मिळाले, तरी चारपटीच्या आकड्याची ओढ कमी झालेली नाही, कारण स्पायडरसाठी पुरस्कारही वेगळा आहे.

खरे मूल्यमापन या पुरस्कारांच्या वाटेवर, ठिकठिकाणच्या बागांत फिरणाऱ्या परीक्षकांच्या मतांतून होते आणि ते सावकाश होते. 'स्टेला दे ओरो' हे जेमतेम ११ इंच उंचीचे आणि पावणेतीन इंची फुलांचे वाण १९७५ मध्ये नोंदवले गेले आणि त्याला सर्वोच्च पदक १९८५ मध्ये मिळाले. पुन्हापुन्हा फुलण्याचा त्याचा गुण वेगवेगळ्या हवामानांत टिकतो, हे पटायला तेवढी वर्षे लागणारच होती.

२००० मध्ये अमेरिकेत डेलिलीवरील तांबेरा हा बुरशीचा रोग प्रथम आढळला आणि निवडीच्या वाफ्यात एक नवी कसोटी आली. काही संकरक तांबेऱ्याने माखलेली रोपे फूल कितीही देखणे असले तरी उपटून टाकतात, तर काही औषध फवारून ती जपतात. दोघांच्याही वाणांच्या नोंदीत उंची, फुलाचा व्यास, बहराचा काळ आणि पाने हिवाळ्यात टिकतात की नाही, हे लिहिलेले असते. तांबेऱ्याविषयी तिथे काहीच लिहिलेले नसते.